कळतं पण वळत नाही

नमस्कार मंडळी. मागच्या रांगेत आवाज पोचतोय ना? पोचतोय, बरं.

सुरुवातीलाच एक तक्रार करतो आणि मोकळा होतो. बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिलंय, "संत ऑगस्टीन : जीवन व धर्मांतर". अक्षर झकास आहे, पण तो शेवटचा शब्द मला आत येतानाच खटकला. धर्मांतर म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे काय येतं, एक धर्म सोडला, दुसरा धरला, नाव बदललं, घरात रडारड, भावकीत बोलणं बंद. यातलं फारसं काही ऑगस्टीनच्या बाबतीत झालेलं नाही. आई ख्रिस्ती, जन्मल्याबरोबर कपाळावर क्रुसाची खूण आणि जिभेवर मीठ, तेव्हाची रीत होती ती, म्हणजे हे मूल दारात आलंय, आत यायचंय अजून. बाप्तिस्मा मात्र नाही. आणि हा गडी त्या दारात पुढची ३२ वर्षं उभा राहिला, मधे दार सोडून लांब लांब भटकूनही आला. त्याच्या बाबतीत लॅटिनमध्ये जो शब्द वापरतात, कोन्व्हेर्सिओ, त्याचा साधा अर्थ वळणं. आणि आपली आजी जे उठता बसता म्हणायची ना, कळतं पण वळत नाही, तेच या माणसाचं अख्खं दुखणं होतं. म्हणून आज मी धर्मांतरावर बोलणार नाहीये, वळण्यावर बोलणार आहे.

अजून एक, मी त्याला "तो" म्हणतोय, "ते" नाही. कुणाच्या भावना दुखावू नयेत म्हणून सांगून टाकतो, बिशप होईपर्यंत अरे-तुरे, नंतर अहो-जाहो करू.

तर जन्म १३ नोव्हेंबर ३५४, गाव थागास्ते. आजच्या अल्जीरियात सूक अहरास नावाचं शहर आहे ते. हिप्पो हे बंदर, तिथून आत डोंगराळ भागात. आफ्रिका, पण रोमन साम्राज्यातली आफ्रिका, म्हणजे घरात लॅटिन, शाळेत लॅटिन, आणि आजूबाजूच्या खेड्यांत वेगळीच बोली. वडील पॅट्रिशियस गावच्या कौन्सिलचे मेंबर, थोडी जमीन, मान भरपूर आणि पैसा बेताचा, हा प्रकार आपल्याला नवा नाही. डोकं गरम, बाहेरच्या भानगडीही होत्या, जुने देव मानणारे, बाप्तिस्मा घेतला तो शेवटी शेवटी. आई मोनिका. तिच्याबद्दल पुढे बरंच येणार आहे.

लहानपणी एकदा पोरगं पोटदुखीने इतकं आजारी पडलं की आता जातंय असं वाटलं, स्वतःच बाप्तिस्मा मागितला, आईने धावपळ करून तयारी केली, आणि तेवढ्यात बरं वाटलं की हो. मग बाप्तिस्मा पुढे ढकलला. कारण त्या काळात लोक असा हिशोब करायचे की बाप्तिस्म्याने मागची पापं धुतली जातात, मग पोरगं अजून तारुण्यात जायचंय, आत्ताच धुऊन काय करता, परत मळणारच आहे. ऑगस्टीनने पुढे म्हातारपणाकडे झुकताना यावर चिडून लिहिलंय की लोक म्हणायचे, करू दे त्याला काय करायचं ते, अजून बाप्तिस्मा झालेला नाही त्याचा, पण कुणी आजारी माणसाबद्दल असं म्हणतं का की होऊ दे जखम अजून मोठी, अजून बरा झालेला नाही तो. थोडक्यात काय, "नंतर बघू" ही सवय त्याने एकट्याने लावून घेतली नव्हती, घरातूनच आली होती, आणि तीही अशा आईकडून जी पुढे त्याच्यासाठी डोळे सुजेपर्यंत रडली.

शाळेत मार खायचा. मार चुकावा म्हणून देवाची प्रार्थना करायचा आणि आई-वडील हसायचे, हे त्याने चाळिशी उलटल्यावर लिहिलंय, म्हणजे वळ गेले तरी हसू लक्षात राहिलं. ग्रीक अजिबात आवडायचं नाही. लॅटिनमधल्या कवितांवर जीव, डायडो राणी प्रेमात मरते ते वाचून ढसाढसा रडायचा.

सोळाव्या वर्षी घरचे पैसे संपले, शिक्षण थांबलं, वर्षभर घरी बसून. आणि रिकामं डोकं, टोळकं, रात्रीची वेळ, शेजारच्याच्या झाडावरच्या नासपती चोरल्या. आपल्याकडे कैऱ्या चोरतात तसं. पण कैऱ्या आपण मीठ लावून खातो तरी, यांनी त्या नासपती डुकरांपुढे टाकल्या, कारण घरी याहून चांगल्या होत्या. या एवढ्याशा प्रकरणावर त्याने पानंच्या पानं लिहिलीत आणि बरेच वाचक तिथे कंटाळतात, म्हणतात बाबा रे, चार फळांसाठी किती रडशील. मला आधी तसंच वाटायचं. आता वाटतं की त्याला फळांचं काही नाहीये, त्याला हा प्रश्न छळतोय की मला हवं नव्हतं ते मी का केलं, आणि एकटा असतो तर केलं असतं का. शेवटी तो कबूल करतो, एकटा असतो तर केलं नसतं. हे लक्षात ठेवा, कारण बागेत काय झालं ते सांगताना मला याची गरज लागणार आहे.

मग रोमानियानस नावाचा गावातला एक श्रीमंत माणूस, त्याने खर्च उचलला आणि पोरगं कार्थेजला. मोठं शहर, नाटकं, मित्र, सगळं. तिथे एका बाईबरोबर राहायला लागला. लग्न नाही. अठराव्या वर्षाच्या आसपास मुलगा झाला, नाव ठेवलं अदेओदातुस, देवाने दिलेला, म्हणजे आपला देवदत्त. मी पुढे त्याला देवदत्तच म्हणणार आहे, सोपं जातं. त्या बाईचं नाव मात्र ऑगस्टीनने कुठेही लिहिलेलं नाही. आईचं नाव आहे, वडलांचं आहे, मित्रांची आहेत, जिच्याबरोबर साधारण पंधरा वर्षं काढली तिचं नाही. काही अभ्यासक म्हणतात तिची अब्रू राखायला. असेल. मला ते दरवेळी टोचतं.

एकोणिसाव्या वर्षी सिसरोचं, म्हणजे जुन्या रोमच्या नामांकित वक्त्याचं, एक पुस्तक हाती पडलं, ते आज पूर्ण स्वरूपात उरलेलंही नाही, पण त्यातून याला ज्ञानाचं वेड लागलं. मग म्हणाला आईचं बायबल उघडून बघू. उघडलं, आणि भाषा गावठी वाटली, मिटलं. सिसरो वाचलेल्या पोराला ते लॅटिन भाषांतर म्हणजे, असो. आणि मग तो मानी पंथात गेला. मानी हा तिसऱ्या शतकातला इराणी साम्राज्यातला धर्मसंस्थापक, त्याची शिकवण अशी की जगात प्रकाश आणि अंधार यांची लढाई चालू आहे, चांगलं सगळं प्रकाशातून, वाईट सगळं अंधारातून. यात तरुण माणसाची एक मोठी सोय होती. पाप मी करत नाही, माझ्यातला अंधार करतो. नऊ वर्षं तो त्यांच्याकडे राहिला, पण गंमत बघा, तिथेही आतल्या वर्तुळात नाही, "ऐकणारे" म्हणून जे बाहेरचे सभासद असत त्यांच्यात. तिथेही दारातच.

आई चिडली, काही काळ घरात एका टेबलावर जेवायला बसू देईना. एका बिशपकडे गेली की तुम्ही बोला त्याच्याशी, वाद घाला. बिशप शहाणा, म्हणाला आत्ता नको, वाचता वाचता त्यालाच कळेल. ती ऐकेना, रडत राहिली, तेव्हा वैतागून म्हणाला, जा बाई, इतक्या अश्रूंचा मुलगा वाया जाणं शक्य नाही. ते वाक्य तिने आकाशवाणी समजून पदराला बांधून घेतलं.

मानी पंथाबद्दल त्याच्या डोक्यात शंका साठत होत्या, विशेषतः त्यांचं ग्रहताऱ्यांचं गणित खऱ्या खगोलाशी जुळत नव्हतं. सगळे म्हणायचे आपला मोठा पंडित फाउस्टस येऊ दे, तो सगळी उत्तरं देईल. ३८३ साली फाउस्टस आला. बोलायला गोड, माणूस म्हणून चांगला, आणि उत्तरं काही नाहीत, पण एक होतं, प्रामाणिकपणे म्हणाला मला हे येत नाही. ऑगस्टीनला तो माणूस आवडला आणि पंथ सुटला. मला हा प्रसंग फार आवडतो, किती गुरू असं म्हणतील?

तो आता कार्थेजला वक्तृत्व शिकवत होता, तिथल्या टारगट पोरांना कंटाळला म्हणून रोमला जायचं ठरवलं. आईला कळलं तर सोडणार नाही, ती बंदरापर्यंत आलीच होती, एक तर परत चल नाहीतर मला ने. याने थाप मारली, मित्राला निरोप द्यायचाय, वारा सुटेपर्यंत थांबतो फक्त. तिला जवळच्या संत सिप्रियानच्या प्रार्थनामंदिरात रात्र काढायला लावली आणि रात्रीच जहाज सोडलं. सकाळी ती किनाऱ्यावर वेड्यासारखी रडतेय. वय वर्षं २८, प्रोफेसर माणूस, एका मुलाचा बाप, आणि आईला थाप मारून पळतोय.

रोममध्ये वेगळाच ताप. आधी खरा ताप, आजारी पडला. मग विद्यार्थी असे की फी द्यायची वेळ आली की सगळे मिळून दुसऱ्या मास्तरांकडे. क्लासेस चालवणाऱ्यांनी हसू नये. तेवढ्यात मिलानमधून मागणी आली, वक्तृत्वाचा सरकारी प्राध्यापक पाहिजे, रोमचा प्रीफेक्ट, म्हणजे शहराचा मुख्य अधिकारी, सिम्माकस याने याची निवड केली, सरकारी गाडी-घोड्याने प्रवास. हे ३८४ साल. मिलान म्हणजे तेव्हा सम्राटाचा दरबार जिथे असायचा ते शहर. थागास्तेच्या पोराने तिशीत दिल्ली गाठली म्हणा ना.

आणि इथून खरी गोष्ट सुरू होते.

मिलानचे बिशप अँब्रोज. ऑगस्टीन त्यांची प्रवचनं ऐकायला जायचा ते भाषा कशी आहे ते बघायला, म्हणजे एक गवई दुसऱ्याची तान ऐकायला जातो तसं. पण शब्दांबरोबर अर्थही आत शिरत गेला, त्याला कळलं जे बायबल आपण गावठी म्हणून मिटलं ते वेगळ्या तऱ्हेने वाचता येतं. त्याला अँब्रोजशी निवांत बोलायचं होतं, पण जमेना. अँब्रोजच्या खोलीत कुणीही जाऊ शके, निरोप-बिरोप लागत नसे, हा जायचा, तर ते वाचत बसलेले, डोळे पानावरून फिरतायत आणि ओठ हलत नाहीत, आवाज नाही. त्या काळी बरेचदा मोठ्याने वाचायचे, म्हणून ऑगस्टीनला त्याचं नवल. हा बराच वेळ गप्प बसून राही आणि गप्पच उठून येई. नंतर अंदाज बांधतो की घसा बसू नये म्हणून असेल, किंवा कुणी अवघड जागी थांबवून प्रश्न विचारू नये म्हणून असेल. मला ते चित्र डोळ्यापुढून हलत नाही, साम्राज्यातला सगळ्यात बोलका माणूस तिथे तोंड मिटून बसलाय.

त्याच दिवसांतला दुसरा प्रसंग. सम्राटाच्या स्तुतीचं भाषण द्यायचंय, भरपूर खोटं, आणि ऐकणाऱ्यांनाही माहीत की खोटं. टेन्शनने जीव चाललाय. रस्त्यात एक भिकारी दिसला, पिऊन टाइट, खिदळतोय. मित्रांना म्हणाला, आपण इतकी मरमर करून जे मिळवायला बघतोय ते याने चार नाण्यांत मिळवलंय, आणि याची तर रात्रीत उतरेल, माझी नशा मी रोज घेऊन झोपतो आणि घेऊन उठतो.

मग मित्रांचा प्लॅन. साधारण दहा जण, सगळे मिळून नोकरीधंदा सोडायचा, पैसे एकत्र करायचे, कुणाचं वेगळं काही नाही, दरवर्षी दोघांनी व्यवस्था बघायची आणि बाकीच्यांनी निवांत सत्याचा शोध घ्यायचा. ठरलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की काहींना बायका आहेत, काहींना करायच्यात, त्या हे चालू देतील का? प्लॅन तिथेच फिसकटला. तुम्ही हसताय, पण गोव्याच्या ट्रिपचे किती ग्रुप असेच बंद पडलेत.

आई तोवर समुद्र ओलांडून मिलानला आली होती. तिने स्थळ बघायला सुरुवात केली. चांगल्या घरची मुलगी, कारण बढती हवी तर पैसेवालं लग्न हवं. मुलगी ठरली, पण ती लग्नाच्या कायदेशीर वयाला अजून दोन वर्षं कमी, आणि ते वय तेव्हा बारा, म्हणजे दहा वर्षांची पोर. आणि पंधरा वर्षं बरोबर असलेल्या बाईला आफ्रिकेला परत पाठवलं. ती देवदत्तला याच्याकडे सोडून गेली आणि जाताना शपथ घेऊन गेली की आता दुसरा पुरुष नाही. ऑगस्टीन लिहितो की माझ्या कुशीतून ती ओढून काढली, हृदय फाटलं, रक्ताची धार मागे सांडत राहिली. आणि पुढच्याच ओळीत कबूल करतो की मला तिच्याइतकंही जमलं नाही, दोन वर्षं थांबवेना म्हणून मी दुसरी बाई ठेवली. काय बोलायचं यावर. संतचरित्रात हे सहसा चटकन उरकतात, मी उरकणार नाही, कारण नवस बोलून पाळणारी या गोष्टीत पहिली ती आहे. तो नाही.

आता डोक्याचा भाग बघा. मिलानमध्ये त्याला प्लेटोच्या परंपरेतले ग्रंथ लॅटिन भाषांतरात मिळाले आणि त्याची एक जुनी गाठ सुटली, वाईट हा स्वतंत्र पदार्थ नाही, चांगल्याची उणीव आहे. मग बायबलमधली संत पॉलची पत्रं वाचली. म्हणजे ३८६ च्या उन्हाळ्यापर्यंत बौद्धिक आक्षेप जवळजवळ संपलेत. आता अडचण फक्त एवढीच की करायचं आहे ते होत नाहीये. त्याची ती तरुणपणची प्रसिद्ध प्रार्थना, देवा मला ब्रह्मचर्य दे, पण इतक्यात नको. लोक जोक म्हणून सांगतात, पण ती त्याने हसत लिहिलेली नाही. तो झोपाळू माणसाची उपमा देतो. उठायला पाहिजे हे पटलंय, झोपून राहणं वाईट हेही पटलंय, आणि तरी पांघरुणातून म्हणतोय, आत्ता, हा बघ उठलोच, जरा थांब. आणि ते जरा लांबत जातं. अलार्म स्नूझ करणाऱ्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज पडू नये.

माझे वडील तंबाखू खायचे. डाव्या तळहातावर घेऊन, चुना लावून, अंगठ्याने मळत मळत आम्हाला सांगायचे, उद्यापासून बंद. मळणं थांबायचं नाही आणि वाक्यही. तंबाखू वाईट आहे हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी ऑगस्टीन वाचतो तेव्हा मला तो अंगठा दिसतो.

तो सिम्प्लिसियानुस नावाच्या वृद्ध धर्मगुरूंकडे गेला. त्यांनी उपदेश केला नाही, गोष्ट सांगितली. मारियुस व्हिक्टोरिनुस, हाही आफ्रिकेतलाच, रोमचा नावाजलेला वक्तृत्वाचा प्राध्यापक, चौकात पुतळा उभारलेला. ज्या भाषांतरातून ऑगस्टीनने प्लेटोवाले वाचले ते याचंच. तो म्हातारपणी सिम्प्लिसियानुसना खासगीत म्हणायचा, मी आतून ख्रिस्तीच आहे हो. ते म्हणायचे, चर्चमध्ये दिसलास की मानीन. तो हसून म्हणायचा, म्हणजे भिंतींनी माणूस ख्रिस्ती होतो होय? खरं कारण हे की मोठमोठ्या मित्रांची भीती. आणि एक दिवस अचानक म्हणाला, चला चर्चमध्ये. धर्मगुरू म्हणाले हवं तर श्रद्धेची कबुली खासगीत दे, तर नको म्हणाला, वक्तृत्व शिकवताना लोकांसमोर बोलतो तर हे का चोरून. तो वर चढला तेव्हा गर्दीत कुजबुज, व्हिक्टोरिनुस, व्हिक्टोरिनुस. ऑगस्टीन म्हणतो हे ऐकून मी पेटलो, त्याच्यासारखं करायला. पेटला, आणि केलं काहीच नाही.

मग एक दिवस पोन्टिशियानुस भेटायला आला, दरबारातला अधिकारी. टेबलावर पुस्तक पडलेलं, त्याला वाटलं मास्तरांचं काहीतरी असेल, उघडलं तर पॉल. मग त्याने इजिप्तच्या अँटनीची गोष्ट काढली, वाळवंटात जाऊन राहिलेला साधू, आणि त्याला धक्का बसला की या दोघा विद्वानांनी, ऑगस्टीन आणि त्याचा मित्र आलिपियुस, अँटनीचं नावही ऐकलेलं नाही. मग त्याने सांगितलं की ट्रिअरला, म्हणजे आजच्या जर्मनीतल्या शहरात, असताना, सम्राट दुपारी सर्कशीचे खेळ बघत होता तेव्हा आम्ही चौघे तटाजवळच्या बागांत फिरायला गेलो, त्यातल्या दोघांना एका झोपडीत अँटनीचं चरित्र सापडलं, एकाने वाचायला सुरुवात केली आणि वाचता वाचताच नोकरी सोडायचं ठरवलं, दुसरा म्हणाला मीही. त्यांच्या वाग्दत्त वधूंनीही कळल्यावर तोच मार्ग धरला.

बघा काय चाललंय. गोष्टीत गोष्ट, तिच्यात अजून एक गोष्ट. अँटनीने चर्चमध्ये एक वाक्य ऐकलं आणि निघाला, त्याचं चरित्र कुणीतरी लिहिलं, ते ट्रिअरच्या झोपडीत दोघांनी वाचलं, ते पोन्टिशियानुसने पाहिलं, ते मिलानमध्ये ऑगस्टीनने ऐकलं. नासपती आठवतायत? एकटा असतो तर केलं नसतं. जसं टोळक्यात बिघडला तसंच हेही एकट्याने झालं नाही, आणि मला वाटतं त्याने लिहिताना हे मुद्दाम तसं मांडलंय.

पाहुणा गेला. ऑगस्टीन आलिपियुसला ओरडून म्हणाला, काय चाललंय आपलं? न शिकलेले लोक उठून स्वर्ग घेतायत आणि आपण शिकून सवरून चिखलात लोळतोय. आणि घरामागच्या बागेत गेला. आलिपियुस मागोमाग, न बोलता. तिथे तो केस उपटतोय, कपाळ बडवतोय, गुडघे कवटाळतोय, आणि त्या अवस्थेतही डोकं चालूच, त्याला एक विचित्र गोष्ट दिसते. मन हाताला म्हणतं हल, हात हलतो, लगेच. मन मनाला म्हणतं ठरव, आणि ते ठरवत नाही. दोन्हीकडे मनच आहे तरी. म्हणजे मानी लोक म्हणतात तशा दोन शक्ती नाहीत इथे, मीच हो म्हणतोय आणि मीच नाही म्हणतोय, अर्धवट हो आणि अर्धवट नाही. जुन्या सवयी मागून कपडा ओढतायत, सोडून चाललास आम्हाला? आमच्याशिवाय राहशील?

रडू फुटलं, आलिपियुससमोर नको म्हणून लांब एका अंजिराच्या झाडाखाली पडला. कुठवर, उद्या, उद्या, आत्ता का नाही. आणि शेजारच्या घरातून एका पोराचा आवाज, मुलगा की मुलगी कळत नाही, गाण्यासारखं परत परत, तोल्ले लेगे, तोल्ले लेगे. उचल आणि वाच. आणि हा प्रोफेसर, इतका रडत असताना, आधी विचार काय करतो तर लहान मुलांच्या कुठल्या खेळात असं काही म्हणतात का. आठवेना. मग उठला, आलिपियुस बसला होता तिथे पुस्तक होतं, उघडलं, जिथे नजर पडली ते वाचलं, रोमकरांस पत्र, तेराव्या अध्यायाचा शेवट, की रंगेलपणा आणि दारू आणि भांडणं सोडा, ख्रिस्ताला अंगावर घाला आणि देहाच्या हावेची सोय करत बसू नका. पुढे वाचलं नाही, गरजच लागली नाही म्हणतो. आलिपियुसने मात्र पुढची ओळ वाचली, जो विश्वासात दुबळा आहे त्याला जवळ करा, आणि म्हणाला हे माझ्यासाठी. दोघे आत जाऊन आईला सांगतात.

इथे चित्रकार थांबतात, सिनेमाही इथेच संपला असता. पण पुढचं मला जास्त आवडतं. दुसऱ्या दिवशी त्याने राजीनामा दिला नाही. द्राक्षाच्या हंगामाच्या सुट्टीला वीसेक दिवस उरले होते, म्हणाला उगाच गाजावाजा नको, टर्म संपवू. बोचत होतं की खोट्याच्या खुर्चीत अजून एक दिवस तरी का बसलो. पण वीस दिवस लेक्चरं घेतली. मग छातीचा त्रास होता तो कारण म्हणून पुढे केला, खरा होता तो, आणि मिलानकरांना कळवलं की तुमच्या पोरांसाठी दुसरा शब्दविक्या बघा. व्हेरेकुंडुस नावाच्या मित्राच्या खेड्यातल्या घरी, कासिचियाकुमला, आई, मुलगा, मित्र सगळे जाऊन राहिले. तिथे दाढ इतकी दुखली की बोलता येईना, मेणाच्या पाटीवर लिहून मित्रांना दाखवलं, प्रार्थना करा माझ्यासाठी.

३८७ च्या ईस्टरच्या रात्री अँब्रोजच्या हातून बाप्तिस्मा. बरोबर आलिपियुस आणि पंधरा वर्षांचा देवदत्त. मिलानला कथीड्रलच्या खाली त्या अष्टकोनी बाप्तिस्मा-कुंडाचे अवशेष आजही बघायला मिळतात. त्याच वर्षी आफ्रिकेला परत निघाले, रोमजवळच्या ओस्तिया बंदरात थांबले, तिथे खिडकीत आई आणि मुलगा असे बोलत बसले की त्याला ते बोलणं आयुष्यभर पुरलं. थोड्याच दिवसांत मोनिका तापाने गेली, वय ५६. पूर्वी तिला नवऱ्याशेजारी पुरायची फार हौस होती, जागासुद्धा धरून ठेवलेली, आता म्हणाली शरीर कुठेही ठेवा, फक्त वेदीपाशी माझी आठवण काढा. म्हणजे तीही वळली होती थोडी. १९४५ साली ओस्तियात दोन पोरं खेळायला खांब पुरण्यासाठी खड्डा खणत होती, तर एका संगमरवरी दगडाचा तुकडा निघाला, तिच्या थडग्यावरच्या लेखाचा. परत लहान मुलंच, परत खेळच.

देवदत्त दोनेक वर्षांत गेला. बापाने त्याच्याबरोबरचा संवाद पुस्तक म्हणून लिहून ठेवलाय आणि म्हणतो त्यातलं त्याचं बोलणं खरोखर त्याचंच आहे, या पोराची बुद्धी बघून मला धडकी भरायची. एवढंच. ३९१ साली हिप्पोला गेला असता लोकांनी अक्षरशः धरून धर्मगुरू केलं, तो रडला, तर लोकांना वाटलं बिशप केलं नाही म्हणून रडतोय, समजूत घालायला लागले की होशील रे लवकरच. झालाच, चारेक वर्षांत.

आता अहो-जाहो. बिशप झाल्यावर त्यांनी "कन्फेशन्स" लिहिलं, तेरा भाग, साधारण ३९७ ते ४००. आजवर मी जे सांगितलं त्यातलं जवळपास सगळं तिथलंच. त्याचा दहावा भाग वाचा, त्यात ते आजचा हिशोब देतात. स्वप्नं अजून पडतात. जेवण कधी गरज आणि कधी चैन कळत नाही. चर्चमधलं गाणं शब्दांपेक्षा जास्त आवडतं मग अपराधी वाटतं. रस्त्याने जाताना कुत्रा सशामागे लागला की मोठा विचार सोडून बघत राहतात, घरात पाल माशी पकडते ते बघत बसतात. बागेनंतर दहाहून जास्त वर्षांनी, बिशप, पाल बघतायत.

आणि एक गोष्ट मला त्यांची पटत नाही. आफ्रिकेत डोनाटिस्ट म्हणून वेगळा ख्रिस्ती गट होता, त्यांच्याबद्दल ऑगस्टीन आधी म्हणायचे वादाने जिंका, सक्ती नको. नंतर मत बदललं, सरकारी कायद्यांनी लोक आत आले तर बरंच आहे म्हणाले, दाखला स्वतःच्या गावाचा दिला, थागास्ते तसंच वळलं म्हणून. ज्या माणसाला स्वतःचं मन हुकमाने वळत नाही हे बागेत रक्त आटवून कळलं, त्याने दुसऱ्यांसाठी हुकूम मान्य करावा. लोकांनी पुढे शतकानुशतकं सक्तीसाठी त्यांचं हे मत वापरलं.

त्यांच्या नावाच्या नियमाने चालणारे साधू १५७२ ला गोव्यात पोचले. जुन्या गोव्यातल्या टेकडीवर जो अर्धा पडलेला जांभ्या दगडाचा उंच मनोरा आहे ना, तो त्यांच्या चर्चचा, १८४२ ला छप्पर कोसळलं. घंटा मात्र शाबूत, पणजीच्या त्या पांढऱ्या चर्चमध्ये आहे, ज्याच्या पायऱ्यांवर आपण सगळे फोटो काढतो.

४३० चा उन्हाळा, वँडल नावाच्या जर्मन टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातलाय, बिशप ७५ वर्षांचे, तापाने अंथरुणात. पोसिदियुस, त्यांचा शिष्य, तिथे होता, त्याने लिहिलंय की त्यांनी पश्चात्तापाची काही स्तोत्रं लिहून भिंतीवर लावून घेतली, पडल्या पडल्या दिसतील अशी, ती वाचायचे आणि रडायचे. शेवटचे दहा दिवस सांगितलं की डॉक्टर आणि जेवण आणणारा सोडून कुणाला आत सोडू नका. २८ ऑगस्टला गेले. मृत्युपत्र केलं नाही, ठेवण्यासारखं काही नव्हतं, फक्त पुस्तकं नीट सांभाळा म्हणाले.

मागून खुणा होतायत, चहा तयार आहे. दोन प्रश्न घेतो. हो, ताई, बोला तुम्ही, त्या बाईबद्दलच ना?